गुणांचा रकाना

माझ्या मामांइतका नालायक उमेदवार-शिक्षक सी. पी. अँड बेरारच्या उभ्या प्रांतात दुसरा झाला नाही. हे मी उगाच म्हणत नाही. तसं मी एकदा शाईने, सहीनिशी लिहून दिलेलं आहे, आणि त्या कागदावर खुद्द मामांचीही ‘मान्य’ म्हणून सही आहे. इतका पक्का दाखला आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. मला मिळालेल्या शिक्षकाच्या सर्टिफिकेटावरसुद्धा नुसता एक शिक्का आणि एक गिचमिड सही आहे, आणि ते सर्टिफिकेट मी चौकटीत घालून भिंतीवर टांगलं आहे. मामांचा कागद मात्र पेटीत तळाशी असतो. तो काढून वाचायचं धाडस मी फार वेळा करत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मोर्शीपासून चार कोस आत एका काळ्या मातीच्या गावात ते बावीस वर्षं हेडमास्तर होते. हेडमास्तर म्हणजे काय, तर दोन खोल्यांची शाळा, दोन मास्तरांच्या जागा, त्यातली धाकटी जागा बहुतेक वेळा रिकामी, म्हणून उरलेले मामा हे हेडमास्तर. आमच्या गावात शाळा नव्हती, म्हणून आईने मला सहाव्या वर्षी त्यांच्या घरी पोचवलं. मुळाक्षरं त्यांच्याकडे, पाढे त्यांच्याकडे, चौथीपर्यंतचं सगळं त्यांच्याकडे. एवढं होऊनही मी पुढे शिकलो, याचं श्रेय मी बरीच वर्षं माझ्या बुद्धीला देत असे.

मामांच्या शिकवण्याला पद्धत म्हणून नव्हतीच. सकाळी हजेरी घ्यायला बसले की ती दुपारपर्यंत चाले. कारण मामा नुसतं नाव पुकारून थांबत नसत. “महादेव! आला का बे? तुह्या आजीचा खोकला कसा आहे? अन् गाय व्याली का?” महादेव उभा राहून गाईचा सगळा वृत्तांत देई, त्यावर वर्गातले दुसरे दोघे आपापल्या गोठ्याची भर घालत, मग पुढचं नाव. सबंध गावात कोण आजारी, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाच्या विहिरीला पाणी कमी, हे पाटलाच्या आधी हजेरीपटाला कळत असे. पोरांना मारणं त्यांना जमत नसे. मारायच्या जागी त्यांनी एक अजब शिक्षा काढली होती. गणित चुकलेल्या पोराला ते आपल्या खुर्चीवर बसवत आणि स्वतः त्याच्या जागी जमिनीवर मांडी घालून बसत. “आता तू मास्तर, मी पोट्टं. मले समजाव.” मग हे टोपीतून खडू काढून (खडू ते कायम टोपीत ठेवत, त्यामुळे त्यांचे केस वेळेआधीच पांढरे दिसू लागले होते) पाटीवर इतकी बावळट उत्तरं काढत की खुर्चीवरचं पोरगं चिडून चिडून त्यांना भागाकार शिकवी. शिकवता शिकवता त्याला स्वतःला येऊन जाई. मामा उठून धोतर झटकत आणि म्हणत, “समजलं बाप्पा मले एकदाचं.” शिस्तीच्या दृष्टीने हा प्रकार किती घातक होता, हे मला पुढे ट्रेनिंगमध्ये कळलं.

एका बाबतीत मात्र मामा कडक होते, आणि ती बाब म्हणजे अक्षर. त्यांचं स्वतःचं अक्षर असं की पाहणाऱ्याने मजकूर विसरावा. दुसऱ्याच्या अक्षरावर शेरा मारल्याखेरीज त्यांना घास गिळवत नसे. मी व्हर्न्याक्युलर फायनल पास झालो तेव्हा मोठ्या दिमाखात त्यांना पत्र लिहिलं. आठ दिवसांनी माझंच पत्र परत आलं. खाली तांबड्या शाईत दोन वाक्यं होती. ‘आनंद झाला. अक्षर सुधारावे.’ अमरावतीहून लग्नाची कुंकुमपत्रिका आली तरी तिच्यावरचा हाताने लिहिलेला पत्ता तपासून ते मान हलवत. हा शेरा न मिळालेला माणूस आमच्या नात्यात नव्हता, आणि मला तर तो इतक्या वेळा मिळाला की त्याचं मला काही वाटेनासं झालं.

तर अशा या गृहस्थांना सरकारने बावीस वर्षं सुखाने शाळा चालवू दिली, आणि मग एका कार्तिकात डिप्टीसाहेब न सांगता तपासणीला आले. कार्तिकात आमच्याकडे कापसाची वेचणी. घरातलं झाडून सगळं माणूस वावरात, तिथे शाळेत कोण येणार? दुसऱ्या गावचे मास्तर अशा दिवसांत रिकाम्या खोलीत बसून पुस्तकात ‘गैरहजर’ लिहीत आणि निर्धास्त राहत. मामांना ते पटत नसे. ते शाळेला कुलूप घालत, हजेरीपट आणि फळा बरोबर घेत आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाच्या झाडाखाली शाळा मांडत. पोरं दोन ओळी वेचत, मग येऊन पाढे म्हणत, पुन्हा दोन ओळी. डिप्टीसाहेब शाळेपाशी आले तर दाराला कुलूप. गावात विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, “शाळा? शाळा तं वावरात गेली जी.” साहेब वावरात गेले. मामांनी त्यांना आदराने निंबाखाली बसवलं, लोटाभर पाणी दिलं, हजेरीपट पुढे केला. हजेरी पूर्ण होती. साहेबांनी तपासणी-पुस्तकात लिहिलं की हेडमास्तर प्रामाणिक आहेत पण त्यांना शाळा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, सबब त्यांना ट्रेनिंगला पाठवावे. सर्टिफिकेट न मिळाल्यास ही शाळा सर्टिफिकेट असलेल्या शिक्षकाकडे सोपवावी. मामांनी ते वाचलं आणि पुस्तक मिटता मिटता म्हणाले, “साहेबाचं अक्षर लय खराब होय.”

अशा रीतीने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मामा अकोल्याच्या ट्रेनिंग शाळेत दाखल झाले, आणि दैवाची थट्टा म्हणजे त्याच वर्षी मीही तिथेच दाखल झालो. मी बाविशीचा, मिशी नुकती फुटलेली, शिक्षणशास्त्राने भारावलेला. बाकावर माझ्या शेजारी मामा. वर्गात हजेरी होई तेव्हा आम्ही सारे ‘हजर’ म्हणून खाली बसत असू. मामा उभे राहून “हाजर जी, पण रात्री झोप नाई आली, तुमाले आली का?” असं विचारत. आमचे सुपरिंटेंडेंट पुण्याकडचे. स्वच्छ उपरणं, साखळीचं घड्याळ, बोलण्यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही. या प्रश्नावर ते घड्याळाकडे पाहत. पहिल्या आठवड्यात त्यांनी नोटिशीच्या फळ्यावर स्वहस्ते नियम लिहून लावले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांखाली तांबड्या शाईत ‘अक्षर सुधारावे’ असा शेरा आढळला. चौकशी झाली. मामा लगेच उभे राहिले. “म्याच लिवलं जी. सवय आहे.” मी खाली मान घालून माझी आणि त्यांची ओळख नसल्यासारखा बसलो.

ट्रेनिंगचं सार म्हणजे पाच पायऱ्या. प्रत्येक पाठ प्रस्तावनेने सुरू व्हायचा, मग हेतुकथन, मग विवेचन, मग सिंहावलोकन, शेवटी उपयोजन. सुपरिंटेंडेंटसाहेबांची या पाच पायऱ्यांवर इतकी श्रद्धा होती की ते जेवतानाही वरणभातानंतर सिंहावलोकन करत असावेत, असा आमचा समज होता. पाठाच्या आदल्या दिवशी टाचण लिहायचं. त्यात डावीकडे आपण विचारणार ते प्रश्न आणि उजवीकडे पोरांकडून येणारी अपेक्षित उत्तरं. माझी अपेक्षित उत्तरं वाचून कोणालाही वाटावं की आमच्या सरावशाळेतली, जुन्या शहरातली पोरं घरी पंडितांत वाढली आहेत. मामांच्या टाचणात उजवीकडे वरपासून खालपर्यंत एकच उत्तर होतं: ‘मले माईत नाई जी.’ मधे एकदोन ठिकाणी ‘पोरगं खिडकीबाहेर पाहील’ असंही होतं.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“अपेक्षित उत्तर जी. बावीस वरसं झाले विचारून राहिलो, हेच येते. दुसरं लिवलं तं खोटं होईन.”

साहेबांनी पुष्कळ समजावलं. मामांनी सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि पुढच्या टाचणात फक्त ‘जी’ गाळलं. पहिला पाठ त्यांचा असा गेला, दुसरा हजेरीतच संपला. तिसरा आणि शेवटचा पाठ उरला. तो गेला तर सर्टिफिकेट गेलं, आणि सर्टिफिकेट गेलं की गावची शाळा दुसऱ्याच्या हाती. मामांना पगाराची किंवा मानाची फारशी फिकीर नव्हती. पण ती दोन खोल्यांची शाळा आपल्या हातून जाईल, ही कल्पना त्यांना सोसत नव्हती. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा पाच पायऱ्या पाठ करताना पाहिलं. मोर्णा नदीच्या काठाने फिरताना ते बोटांवर मोजत, चौथ्या बोटाशी अडत आणि मला विचारत, “लेका, सिंहानंतर काय येते?” मी शिकवत असे. तेवढा मोठेपणा मी दाखवला.

शेवटच्या पाठाला मागे दोघंच बसत, एक साहेब आणि एक चिठ्ठी टाकून निवडलेला सोबतचा उमेदवार. या उमेदवाराने टीकावही भरायची. तिच्यात दोन रकाने, एक दोषांचा आणि एक गुणांचा. खाली साहेबांची सही, आणि ज्याच्यावर टीका झाली त्याने ती वाचून ‘मान्य’ लिहायचं, असा तिथला रिवाज. मामांच्या पाठाला माझी चिठ्ठी निघाली. नातं आहे म्हणून बदला, असं सांगायला मी गेलो, तर साहेब म्हणाले, “शिक्षकाला नातं नसतं. वर्गात तुम्ही टीकाकार आणि ते उमेदवार. जे दिसेल ते लिहा.” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते उतरवून ठेवलं.

पाठ होता वस्तुपाठ, विषय कापूस. मोर्णेपलीकडे जुन्या शहराच्या अगदी टोकाला आमची सरावशाळा, पलीकडे लगेच वावरं सुरू. वर्गातली पोरं मात्र पेठेतल्या गल्ल्यांतली, दुकानदारांची आणि कारकुनांची. मामा कोट घालून आले. खिशात बोंड लपवलेलं, कारण हेतुकथनाच्या आधी वस्तू दाखवायची नाही. प्रस्तावना अगदी माझ्या शिकवणीबरहुकूम झाली. मला हायसं वाटलं. मग मामांनी विचारलं, “कापूस कुठून येते?”

“जिनातून!” सबंध वर्ग एका सुरात. जिन म्हणजे कापसाचा कारखाना.

मामा थबकले. “जिनात कुठून येते?”

“बैलबंडीतून.”

“अन् बंडीत?”

“बाजारातून!”

एक पोरगं तेवढं उभं राहून म्हणालं, “वावरातून येते म्हन्ते, पन म्या नाई पायलं.”

मामांनी टाचण पाहिलं. उजवीकडे ‘माईत नाई’ लिहिलेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अपेक्षित उत्तर चुकलं होतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. शंभर पावलांवर वावर पांढरं झालेलं होतं. मी जागेवरून त्यांना खुणा करत होतो, बोटं दाखवत होतो, दुसरी पायरी, दुसरी पायरी! मामांनी टाचण टेबलावर ठेवलं, टोपी सरळ केली आणि म्हणाले, “चाला रे पोट्टेहो.” पोरं अशी उठली की बाक उलटला. क्षणभरात वर्गात साहेब, घड्याळ आणि मी एवढेच उरलो. टीकाकाराने पाठ सोडायचा नाही असा नियम होता, म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यामागे पळालो.

वावर एका माळ्याचं होतं. त्याची बायको कमरेला कापसाचा ओटा बांधून वेचत होती. चाळीस पोरं आणि एक कोटवाला माणूस पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काहो मास्तर, वेचणीले आणले का हे?”

“हाव बाई. मजुरी नोको. फक्त पोट्टे विचारतीन ते सांगा.”

पुढचे दोन तास काय झालं ते मी उभा राहून पाहिलं. पोरांनी बोंडं फोडली, बोटांना काटे टोचून घेतले, नखांनी कापूस सोडवला. एका बोंडात किती बिया ते मोजलं, मग एका झाडाला किती बोंडं ते मोजलं, मग कोणीतरी न सांगता गुणाकार करायला लागलं. बाईने पऱ्हाटी उपटून मुळं दाखवली. काळी जमीन पाणी कसं धरून ठेवते ते तिने ढेकूळ फोडून सांगितलं. आणि ‘जिनातून’ असं सगळ्यांत मोठ्याने ओरडलेलं पोरगं हातातल्या बीकडे पाहत एकदम किंचाळलं, “मास्तर! हे तं सरकी व्हय! हे आमी आमच्या म्हशीले घालतो!” त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. इतकी वर्षं घरात पोत्याने पाहिलेली वस्तू त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. मामा खाली बसले आणि त्याला म्हणाले, “खरंच? मले समजाव बरं.” आणि तो समजावू लागला.

आम्ही परत आलो तेव्हा पोरांच्या केसांत, सदऱ्यांवर कापूस चिकटलेला. साहेब खुर्चीवर तसेच बसलेले होते, कारण पाठाची वेळ संपल्याचं कोणी जाहीर केलं नव्हतं. ते रागावले नाहीत. मला त्यांनी ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, “मी जे पाहिलेलं नाही ते मी लिहिणार नाही. पाहिलंत तुम्ही. तुमच्या वहीवर मी सही करीन, आणि निकाल तिच्यावरच होईल.”

म्हणजे मामांची शाळा माझ्या टाकाच्या टोकावर आली होती. मी दोषांचा रकाना आधी भरला. हेतुकथन झाले नाही. फळ्याचा उपयोग केला नाही. वर्ग सोडला. वेळ पाळली नाही. सिंहावलोकन नाही. शब्द न् शब्द खरा होता. मग गुणांचा रकाना. सरकी, म्हैस, गुणाकार, सगळं डोळ्यांसमोर होतं. पण त्याच वेळी उद्या जेवणघरात काय बोललं जाईल तेही कानात वाजू लागलं. भाच्याने मामाला तारलं! वर्षभर पहिला नंबर राखलेल्या मला तेवढं एक वाक्य सोसणार नव्हतं. मी रकाना कोरा ठेवला, शाईने सही केली आणि वही साहेबांपुढे सरकवली.

साहेबांनी वाचली. बोट कोऱ्या जागेवर ठेवलं. “इथे काही नाही?”

“नाही, साहेब.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सही केली. आज मला वाटतं, पुण्याच्या त्या कडक माणसाने त्या एका शब्दात मला सुटायला दार उघडून दिलं होतं. मी आतच राहिलो.

वही मामांकडे गेली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, कोऱ्या रकान्यासह. मग तांबडी शाई काढली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘मान्य. अक्षर सुधारावे.’ माझं तोंड पडलेलं पाहून पाठीवर हात ठेवला. “घाबरू नोको बे. जे दिसलं ते लिवलं ना? मंग झालं.” त्यांना खरंच तसं वाटत होतं, की मला वाचवायला म्हणाले, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढचं सरकारी हुकमाने झालं. मामा नापास, मी पहिला, आणि सर्टिफिकेटवाला हेडमास्तर म्हणून माझी नेमणूक झाली ती मामांच्याच शाळेत. धाकटी जागा रिकामी होतीच, ती मामांना मिळाली. गावात पोचलो त्या दिवशी त्यांनी घंटा, किल्ली, हजेरीपट एकेक करून माझ्या हातात दिलं आणि जमलेल्या माणसांना सांगितलं, “हे आपले नवे हेडमास्तर. लय शिकेल आहेत.” त्या दिवसापासून शाळेच्या उंबऱ्याच्या आत ते मला ‘तुमी’ म्हणत. घरी गेलो की पुन्हा ‘अबे’. उंबऱ्याच्या आतलं ते ‘तुमी’ ऐकताना मला दररोज कानकोंडं व्हायचं, आणि दररोज ते तितक्याच आदराने म्हणत.

कार्तिक आला. वेचणी लागली. पाच पायऱ्यांचं टाचण घेऊन मी दोन दिवस रिकाम्या खोलीत बसलो. तिसऱ्या दिवशी कुलूप घातलं, हजेरीपट घेतला, मामांनी फळा घेतला. दोघं धुऱ्यापर्यंत गेलो. पोरं निंबाखाली जमली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा हळूच म्हणाले, “हेडमास्तर, हेतुकथन राह्यलं जी.” मी हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. ते पाहायला नको म्हणून मामा टोपीत खडू शोधत राहिले.

मामांनी माझ्या हाताखाली अकरा वर्षं काढली, मग पेन्शन घेतली, आणि एका कार्तिकात, वेचणी ऐन भरात असताना गेले. त्या दिवशीही शाळेला कुलूप होतं, पण शाळा वावरात नव्हती. ती सगळी मामांच्या अंगणात उभी होती. मी आता म्हातारा झालो आहे. पेटीच्या तळातला तो कागद, टीकावहीतून काढून जपलेलं पान, आज काढला. दोषांचा रकाना गच्च आहे, गुणांचा तसाच कोरा. त्यात लिहायला म्हणून बसलो, तर मजकूर रकान्याबाहेर जाऊन इथवर आला. जे दिसलं ते या खेपेला लिहिलं आहे. फक्त खाली ‘मान्य’ लिहायला आणि माझ्या अक्षराला नाव ठेवायला आता कोणी नाही.